दीपगृहवाल्याची सही

१

पेटी जागच्या जागी होती, आतलं पुस्तक तेवढं नव्हतं.

ती पेटी मीच बनवलेली. गडद निळं कापड, आत मऊ अस्तर, पुस्तकाच्या अचूक मापाची. आता तिच्यात पुस्तकाऐवजी जाड पुठ्ठ्याचे चार तुकडे एकावर एक रचून ठेवले होते. पेटी उचलून पाहिली तर वजन जवळजवळ तेवढंच भरत होतं. चोराने डोकं चालवलं होतं, हे मान्य करायलाच हवं.

मी जुनी पुस्तकं दुरुस्त करते. चोऱ्या पकडणं हा माझा धंदा नाही. पण मंगळवारी सकाळी ग्रंथपालबाईंचा फोन आला, "ताई, तुम्ही लगेच या, नाहीतर ही माणसं मला चोर ठरवून मोकळी होतील." गेले, तर जेवणाच्या टेबलावर त्यांची पर्स उलटी पडलेली. चष्म्याचं घर, बसचा पास, खोडरबर, अर्धवट विणलेला मोजा, जेवणाचा डबा.

"कोणी ओतली ही?" मी तापूनच विचारलं.

"मीच," बाई म्हणाल्या. "म्हटलं, कोणी मागायच्या आत बघून घ्या एकदा."

घर होतं दस्तुरखुद्दांचं. खरं नाव वेगळं आहे, पण सगळे त्यांना दस्तुरखुद्दच म्हणतात, कारण लेखकाची सही नसलेलं पुस्तक त्यांच्या घराचा उंबरा ओलांडत नाही. पन्नासेक वर्षांत त्यांनी अशी अकराशे पुस्तकं आणि चार कपाटं भरून पत्रं जमवली. हा सगळा संग्रह आता गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक ग्रंथालयाला भेट म्हणून जायचा होता. त्याची यादी करायला ग्रंथालयाने बाईंना पाठवलं होतं, आणि गेले तीन महिने त्या रोज इथे येत होत्या.

हरवलेलं पुस्तक संग्रहातलं सर्वांत पहिलं होतं. एका दीपगृहाच्या रखवालदाराने घरच्यांना लिहिलेली पत्रं त्यात होती. एकदाच छापलं गेलं, पुन्हा कधी नाही. लेखक किनाऱ्यावर क्वचितच यायचा, म्हणून सही असलेल्या प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एकोणीस वर्षांचे असताना आपण बंदरावर उभं राहून ती सही कशी घेतली, ही गोष्ट दस्तुरखुद्दांनी मला निदान दहा वेळा ऐकवली असेल.

"पोलिसांना बोलवा म्हणतोय मी," जावई म्हणाले. मुलगी परगावी नोकरीला, म्हणून संग्रहाच्या बांधाबांधीसाठी ते आठवडाभर इथेच मुक्कामाला होते. "बाहेरचं माणूस घरात एकच येतं. आता यात शोधायचं काय राहिलं?"

बाईंचा चेहरा पांढरा पडला. ग्रंथालयात दहा वर्षं हंगामी काम केल्यावर येत्या शुक्रवारी समिती त्यांना कायम करणार होती. सोमवारी ही बातमी कळल्यावर अध्यक्षांचा निरोप आला होता: प्रकरण मिटेपर्यंत घरी बसा, मिटलं नाही तर शुक्रवारी वेगळा विचार करू.

"पोलिस नकोत," दस्तुरखुद्द खिडकीकडे तोंड करून म्हणाले.

ज्या माणसाला आपलं सर्वांत लाडकं पुस्तक परत हवं असतं, तो असं का म्हणेल?

२

मी एकेकाला गाठायचं ठरवलं. आधी जावई.

"शनिवारी संध्याकाळी काय झालं, नीट सांगा."

"काही नाही हो. चहा घेत बसलो होतो चौघं. मी, बाबा, आई आणि या बाई. बाईंनी त्या पुस्तकाचे दोन फोटो काढले होते, ते दाखवले. मग त्यांच्या कामाचं पुराण लावलं. म्हणे ग्रंथालयं पहिल्या पानावर शिक्का मारतात, शेवटच्या पानावर मारतात, आणि मधल्या एका गुप्त पानावरही मारतात. कुठलं पान ते बाहेरच्याला सांगत नाहीत. चोराने बाकीचे शिक्के खोडले तरी तो राहून जातो. मग म्हणाल्या, सोमवारी या पुस्तकाची पानं एकेक करून मोजणार. आणि सोमवारी बघतो तर पुस्तक गायब!"

"कपाटाची किल्ली?"

"घड्याळामागच्या खिळ्याला. सगळ्या घराला माहीत आहे. त्या कुलपाला कुलूप म्हणणं म्हणजे आंधळ्याला पहारेकरी म्हणण्यासारखं आहे."

"पुस्तक तुम्ही वाचलंय?"

"मी? छे. त्यात काय आहे देव जाणे. मी म्हणत होतो, मोठं संग्रहालय स्वतःहून मागतंय, तिकडे द्या. स्वतंत्र दालन देणार होते, नाव लावणार होते. पण बाबांना हे गल्लीतलंच ग्रंथालय हवं. का, ते सांगत नाहीत."

माणूस कुरकुऱ्या, पण साधा वाटला. शिवाय पेटीशेजारीच लेखकाचा दीपगृहासमोरचा जुना फोटो आणि त्याच्या हस्ताक्षरातलं एक पत्र पडलं होतं. सही खरी आहे हे पटवायला त्यांचाच उपयोग. विकायला पुस्तक नेणारा माणूस ते तिथेच टाकून जाईल, हे माझ्या बुद्धीला पटेना.

मग दस्तुरखुद्द. चौऱ्याहत्तर वर्षांचे ताठ गृहस्थ दोन दिवसांत खांद्यात वाकले होते. मला कळवळा आला. तसं सह्यांच्या शौकिनांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. मी पुस्तकं उघडून बसते आणि हे लोक ती मिटून ठेवतात. पण दुःख खोटं नव्हतं.

"काका, पुस्तकाची काही खूण? डाग, फाटलेलं पान, काहीतरी."

"सही पहिल्या कोऱ्या पानावर आहे. निळ्या शाईत, थोडी वर चढत गेलेली. खाली तारीख, आणि तारखेवर शाईचा एक थेंब."

"आणि आत?"

"आत काय?" ते गोंधळले. "आत पत्रं आहेत."

"कशाबद्दल?"

"दीपगृहाबद्दल," ते चिडून म्हणाले. "दुसरं काय असणार?"

३

काकू स्वयंपाकघरात होत्या. काकू म्हणजे दस्तुरखुद्दांच्या बायको. त्यांच्या ओट्यावर तेलाच्या बाटलीला टेकवून एक पुस्तक उघडं होतं आणि त्यावर पिठाची बोटं उमटली होती. दुरुस्तीवालीच्या काळजात चर्र झालं, वाचकाच्या काळजाला मात्र बरं वाटलं.

"सहीचं आहे?" मी विचारलं.

"त्यांना सांगू नकोस हो," त्या हसल्या. "सगळी वाचलीयेत मी. आणायचं त्यांनी, वाचायचं मी, अशी वाटणी आहे आमची."

पण हसणं वरवरचं होतं. दोनदा त्यांनी गॅस पेटवला आणि दोनदा भांडं न ठेवताच बंद केला.

"बाईंचं काय होणार गं?" त्यांनी एकदम विचारलं.

"शुक्रवारपर्यंत पुस्तक मिळालं नाही तर नोकरी जाईल. वर चोरीचा ठपका. मग दुसरं कुठलं ग्रंथालय दारात उभं करणार नाही."

"पण त्यांच्याकडे काही सापडलं नाही ना? मग कसं काय?"

"संशयाला पुरावा कुठे लागतो, काकू? चोर सोडून संन्याशाला सुळी."

त्या बराच वेळ ओटा पुसत राहिल्या. ओटा स्वच्छच होता.

"मिळेल पुस्तक," शेवटी म्हणाल्या. "दीपगृहवाल्याची शेळी नाही का, वादळात वाहून गेली म्हणून रडून घेतलं त्याने, आणि तिसऱ्या दिवशी बया जिन्यावर उभी. तसं मिळेल एखाद्या दिवशी."

मी मान हलवली आणि बाहेर आले. शेळीकडे माझं लक्षच गेलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी मी उरलेला दिवस भलतीकडेच शोधत राहिले.

४

बुधवारी मी बाईंच्या घरी गेले. त्यांनी शनिवारी काढलेले दोन्ही फोटो दाखवले. पहिल्यात सही: निळी, वर चढत गेलेली, खाली शाईचा थेंब. दुसऱ्यात शीर्षकाचं पान, आणि त्यावर मधोमध दस्तुरखुद्दांच्या संग्रहाची छापील चिठ्ठी चिकटवलेली.

"बाकीच्या पुस्तकांत ही चिठ्ठी कुठे असते?" मी विचारलं.

"पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला. अकराशेच्या अकराशे पुस्तकांत." त्या थांबल्या. "हे एक सोडून."

छापील मजकुरावर चिठ्ठी डकवायला संग्राहकाचा हात धजत नाही. भिंतीला भोक पडल्याशिवाय त्यावर तसबीर लावायची घाई कोण करतं? मी फोटो मोठा करून पाहिला. चिठ्ठीच्या एका कडेला कागद खरवडून पातळ झालेला दिसत होता. शिक्का ब्लेडने खरवडला की कागद असाच दिसतो, हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

"बाई, तुम्ही हे पुस्तक पूर्ण उघडलं होतं?"

"काकांनी उघडूच दिलं नाही. शिवण नाजूक आहे म्हणाले. ही दोन पानंही त्यांनी स्वतः धरली होती."

मलाही असंच सांगितलं होतं. पेटीसाठी माप घेतलं तेव्हा पुस्तक मिटलेलं होतं, आणि शिवण मला चांगली भक्कम वाटली होती. तेव्हा मी ते प्रेम समजले.

"तुमच्या ग्रंथालयाची जुनी नोंदवही बघता येईल?"

"मला घरी बसायला सांगितलंय, वही बघू नका असं कोणी म्हटलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.

तासाभराने फोन आला. "ताई, नोंद आहे. दीपगृहाची पत्रं, एक प्रत. लेखक ग्रंथालयात आला असताना त्याने सही केली, असा शेरा. आणि त्याखाली लाल शाईत एकच शब्द आहे. गहाळ. पंचावन्न वर्षांपूर्वीची तारीख."

चौऱ्याहत्तरातून पंचावन्न वजा करायला मला बोटं लागली नाहीत.

५

गुरुवारी सकाळी मी दस्तुरखुद्दांसमोर बसले आणि दार लोटून घेतलं.

"काका, बंदरावर तुम्ही कधी उभेच नव्हता."

मी चिठ्ठीचं सांगितलं, नोंदवहीचं सांगितलं. हळूहळू त्यांचा चेहरा असा सैल पडला, जसं खूप वर्षं धरून ठेवलेलं ओझं कोणीतरी हातातून काढून घेतलं असावं.

"सदऱ्याखाली घालून नेलं," ते म्हणाले. "आठ दिवसांत परत ठेवीन म्हणत होतो. दोनदा दारापर्यंत गेलो. मग एकाने विचारलं, ही सही कुठे मिळाली? तोंडाला आलं ते सांगितलं, बंदर. एकदा सांगितलं की बंदर बांधावंच लागतं पुढे. लग्न झालं तेव्हा तिलाही तेच सांगितलं."

"म्हणून संग्रह याच ग्रंथालयाला."

"अकराशे पुस्तकांच्या गर्दीत ते एक गुपचूप परत गेलं असतं. वाटलं, झाकली मूठ राहील."

"आणि शनिवारी गुप्त पानाचं ऐकलंत, तेव्हा घाबरून लपवलंत. तुमच्या जागी ती बाई चोर ठरतेय, काका!"

"नाही!" ते उभेच राहिले. "चोरी मी केली, ती पंचावन्न वर्षांपूर्वी. ही मी नाही केली. रविवारी सकाळी तो शिक्का शोधायलाच मी पेटी उघडली. पेटीत आधीच नुसते पुठ्ठे होते!"

"आणि गप्प बसलात?"

"चोराच्या मनात चांदणं," ते पुटपुटले आणि खाली बसले. "पुस्तक सापडलं की पान सापडणार. मी मनात म्हटलं, गेलं ते बरं झालं. बाईंची पर्स टेबलावर बघितली आणि तरीही तोंड उघडलं नाही. त्या चोरीपेक्षा हे गप्प बसणंच जास्त लाजिरवाणं आहे."

मला राग यायला हवा होता आणि आलाही. पण समोर म्हातारा माणूस रडत होता, त्यामुळे तो फार वेळ टिकला नाही.

"त्या शिक्क्याचं पान तुमच्या कधीच नजरेस पडलं नाही? पंचावन्न वर्षांत?"

त्यांनी मान खाली घातली. "पहिला आणि शेवटचा शिक्का खरवडला तेवढाच. आतली पत्रं मी कधी उघडलीच नाहीत. आधी भीतीने, मग सवयीने."

आणि तेव्हा, अखेर, ती शेळी माझ्या डोक्यात शिरली.

६

मी पेटीतले पुठ्ठे घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर मांडले.

"काकू, पुस्तकांच्या धंद्यातला माणूस पुठ्ठा पट्टी लावून, सुरीने कापतो. कड सरळ येते. मी तशीच कापते, बाई तशीच कापतात, काकासुद्धा. हा कात्रीने कापलाय. कात्रीच्या प्रत्येक घासाला कडेवर पायरी पडलीये."

काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली.

"शिवाय माप बरोबर यायला पुस्तक शेजारी हवं, आणि निवांत वेळ हवा. बाईंना काका त्या खोलीत कधी एकटं सोडत नसत. आणि त्यांना पळवायचंच असतं तर यादीत नोंदवून, फोटो काढून कशाला पळवतील? नोंदवलंच नसतं की काम झालं. जावयांनी नेलं असतं तर पत्र आणि फोटोही नेला असता. काकांनी नेलं नाही, कारण ते स्वतःच रविवारी शोधायला गेले होते."

"मग राहिलं कोण," काकू म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

"शेळी. हे पुस्तक पुन्हा छापलं नाही. ग्रंथालयातली प्रत पंचावन्न वर्षं गहाळ आहे. गावात असलेली एकमेव प्रत या घरात होती, आणि घरातल्या दोन्ही पुरुषांना आत काय आहे ते माहीत नाही. शेळी जिन्यावर परत आली हे फक्त तुम्हाला माहीत आहे. म्हणजे तुम्ही ते पुस्तक वाचलंय, आणि तो शिक्का पाहिलाय."

काकू स्टुलावर बसल्या.

"सदतिसावं पान," त्या म्हणाल्या. "लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ग्रंथालयाचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. शिक्का असा मधेच कसा, ते तेव्हा कळलं नाही, पण बंदर खोटं आहे एवढं कळलं. शनिवारी बाईंनी गुप्त पानाचं सांगितलं आणि तो मधलाच शिक्का मला आठवला. समितीसमोर ते पान उघडलं असतं तर हा माणूस उभ्या उभ्या मेला असता. वाटलं, चोरीला गेलं म्हणून हळहळतील आणि विसरतील. बाईंवर आळ येईल हे डोक्यातच आलं नाही गं! परवापासून घास उतरत नाही. बोलावं तर नवरा जातो, गप्प बसावं तर ती पोर जाते."

"पुस्तक कुठे आहे? पिठाच्या डब्यात नाही ना?" मला राहवेना.

"वेडी आहेस का? धुतलेल्या चादरीत गुंडाळून, आडवं ठेवलंय. कपड्यांच्या कपाटात."

दारात हालचाल झाली. दस्तुरखुद्द उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"तुला माहीत होतं?" ते म्हणाले. "मी माणसं बोलवायचो, ती बंदराची गोष्ट सांगायचो. तू चहाचे कप घेऊन तिथेच उभी असायचीस. शेहेचाळीस वर्षं?"

"सत्तेचाळीस," काकू म्हणाल्या. "आणि दरवेळी तुम्ही 'लाट आली आणि माझे बूट भिजले' म्हणायचात ना, तेव्हा मला हसू आवरायचं नाही."

ते हसतील की रडतील हे मला कळेना. त्यांनाही कळलं नसावं, कारण त्यांनी दोन्ही केलं.

"दे ते इकडे," थोड्या वेळाने ते म्हणाले. "उद्या समितीत मी जाणार."

"मी चोरलं म्हणून सांगते मी. म्हातारीला कोण काय करणार आहे?"

"नाही," ते म्हणाले. "माझ्यासाठी तू पुष्कळ गप्प बसलीस. आता मला बोलू दे."

७

शुक्रवारी समितीचे पाच जण लांब टेबलामागे बसले होते. बाई दाराजवळच्या खुर्चीत, हात मांडीवर घट्ट धरून. जावईही आले होते, आणि कोणी न सांगता बाईंसाठी पाण्याचा पेला घेऊन आले. त्यांच्या परीने ती माफीच होती.

दस्तुरखुद्दांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. काहीही न चुकवता, कोणालाही न वाचवता सांगितलं. सदऱ्याखालून नेलं ते, बंदर बांधलं ते, आणि एका निरपराध बाईची पर्स टेबलावर पाहून गप्प बसलो तेही. काकूंचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. "माझ्यामुळे घरात लपवलं गेलं," एवढंच म्हणाले. मग ते समितीकडे पाठ करून बाईंकडे वळले.

"बाई, मला माफ करा असं म्हणायचाही मला हक्क नाही. पण तुमच्या नावाला जो डाग लागला, तो माझा आहे. तो सगळ्यांसमोर मी परत घेतो."

बाई उठल्या, टेबलापाशी आल्या, पुस्तक उघडलं आणि सवयीच्या हातांनी पानं चाळत सदतिसाव्या पानावर थांबल्या. गोल शिक्का तिथे होता. थोडा फिकट, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग शेजारच्या फाइलमधून बाईंचा कायम नेमणुकीचा कागद काढला आणि त्यावर सही केली. संग्रह स्वीकारायचा की नाही, हा प्रश्न कोणीच काढला नाही.

बाईंनी जुनी नोंदवही उघडली. लाल शब्दापुढे त्यांनी लिहिलं, 'परत आले', आणि आजची तारीख घातली.

लोक पांगले. दस्तुरखुद्द मात्र टेबलापाशीच घुटमळत उभे राहिले.

"बाई," ते चाचरत म्हणाले, "हे मी वाचलेलं नाही. घरी न्यायला मिळेल का?"

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांनी आता दोन शब्द सुनावले असते तर मी त्यांना शाबासकीच दिली असती.

"घरी नाही मिळणार," त्या म्हणाल्या. "दुर्मीळ पुस्तकं इथेच बसून वाचावी लागतात. साडेसहाला बंद होतं ग्रंथालय." मग त्यांनी खिडकीजवळची खुर्ची ओढून दिली.

दस्तुरखुद्द बसले. त्यांनी सहीचं पान उलटलं, चिठ्ठी लावलेलं पानही उलटलं, आणि पहिल्या पत्राची पहिली ओळ बोट ठेवून वाचायला लागले. काकू एक मासिक घेऊन समोर बसल्या. वीसेक मिनिटांनी त्या शांत खोलीत ते एकटेच मोठ्याने हसले, आणि चार वाचकांनी माना वर केल्या.

काकूंनी मासिकातून नजर काढली नाही.

"कुठवर आलात?" त्यांनी हळूच विचारलं.